पाठीचा कणा नसलेल्यांवरचं प्रेम: सागरी जीवशास्त्र शिकवण्याच्या कामाविषयी

ओहोटीवेळ

बरीच वर्षं सागरी जीवशास्त्र शिकवते आहे. या मंचावर अधूनमधून कोणीतरी विचारतं की हे काम नेमकं असतं कसं, प्राण्यांची आवड असली की पुरतं का, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

पहिल्या तासाला मी वर्गात विचारते, हा विषय का घेतलात? बहुतेकांचं उत्तर एकच: प्राणी आवडतात. कोणते, असं विचारलं की डॉल्फिन, कासव, देवमासा, फार तर समुद्री घोडा. हे उत्तर मला मनापासून आवडतं, कारण काहीच न आवडणाऱ्याला हा विषय शिकवणं अवघड असतं. पण समुद्रातल्या प्राण्यांच्या बहुतांश जातींना पाठीचा कणाच नाही. पुष्कळांना चेहरा नाही, आवाज नाही. तुम्ही त्यांच्याकडे कितीही मायेने बघा, ते तुमच्याकडे बघणार नाहीत. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे डॉल्फिनवर जीव टाकणाऱ्या मुलांना खडकाला चिकटलेल्या बार्नॅकलपर्यंत घेऊन येणं.

बार्नॅकल म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकांवर, होड्यांच्या तळाला, अगदी देवमाशाच्या कातडीवरही दिसणारं ते पांढरट, खरखरीत कवच. पायाला लागलं की रक्त निघतं, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अभ्यासकही त्याला शिंपल्यांच्या नात्यातला समजत होते. १८३० च्या सुमारास जॉन व्हॉन थॉम्सन यांनी त्याच्या अळ्या वाढताना पाहिल्या आणि हा तर खेकडा-कोळंबीचा भाऊबंद, हे कळलं. बाल्यावस्थेत तो मोकळा पोहतो. मग जागा शोधत खडकावर अक्षरशः चालतो, पसंत पडली की स्वतःचं डोकं तिथे कायमचं चिकटवतो, भोवती कवच बांधतो आणि उरलेलं आयुष्य पायांनी अन्न तोंडाकडे ओढत काढतो. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या एका गटाला दिली.

बार्नॅकल असलेला एक लहान दगड समुद्राच्या पाण्याच्या काचपात्रात ठेवायचा आणि गप्प बसायचं, हे माझं पहिलं प्रात्यक्षिक. काही मिनिटं काहीही होत नाही. मुलं चुळबुळतात. मग एका कवचाचं झाकण उघडतं आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी गाळायला लागतात. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. मुलं आपोआप पुढे सरकतात. कोणीतरी हटकून म्हणतं, "म्हणजे हा एवढा वेळ जिवंत होता?" त्या प्रश्नासाठी मी शिकवते.

थांबून बघायला लावण्याची ही रीत जुनी आहे. लुई अगासिझ हे एकोणिसाव्या शतकातले निसर्गशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यासमोर एक मासा ठेवत आणि निघून जात. सॅम्युअल स्कडर या त्यांच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवलंय की तीन दिवस तोच मासा समोर होता आणि सूचना एकच, बघ. याच अगासिझ यांनी १८७३ साली पेनिकीझ नावाच्या छोट्या बेटावर शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा काढली, समुद्रकाठी राहून जिवंत प्राण्यांवर शिकण्यासाठी. दोनच उन्हाळे चालली, पण तिथूनच पुढे १८८८ मध्ये वुड्स होलची सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा उभी राहायला प्रेरणा मिळाली. माणसांच्या वंशांविषयी अगासिझ यांची मतं निषेधार्ह होती आणि तेही मी वर्गात सांगते. पण शिक्षकांना आधी किनाऱ्यावर न्या, हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो.

विचारा काय विचारायचं ते. सवडीने उत्तरं देईन.

कुतूहल

ताई, फार छान लिहिलंय. मी बारावीला आहे. मला हेच करायचंय, पण मला पोहता येत नाही आणि होडीत बसलं की मळमळतं. घरचे म्हणतात मग कशाला त्या वाटेला जातेस. दुसरं म्हणजे, संशोधक व्हायचं की शिक्षक, हे आधीच ठरवावं लागतं का?

ओहोटीवेळ

कुतूहल, बीगल जहाजावरच्या जवळपास पाच वर्षांच्या प्रवासात डार्विन यांना समुद्र कायम लागत असे. त्यांनी शक्य तेवढा काळ जमिनीवर काढला आणि तरीही काय काम केलं ते आपण जाणतोच. पोहायला मात्र शिकून घे. पाण्यात उतरून संशोधन करशील न करशील, पण पाण्याच्या कडेला काम करणाऱ्याला ते यायलाच हवं. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, सक्तीची नाही. आमच्या क्षेत्रातली कितीतरी माणसं आयुष्यभर सूक्ष्मदर्शकावर, जनुकांवर, आकडेवारीवर काम करतात.

यावरून खेरात फर्मेय यांच्याविषयी सांगते. इंग्रजीत त्यांचं आडनाव व्हर्मे असंही उच्चारतात. जन्म १९४६, नेदरलँड्स. तीन वर्षांचे असताना दृष्टी पूर्ण गेली. पुढे कुटुंब अमेरिकेत गेलं. तिथे शाळेतल्या एका शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख वर्गात मांडून ठेवले होते. या मुलाने ते हातात घेतले आणि थंड पाण्यातल्या शंखांपेक्षा हे किती वेगळे, किती कोरीव, हे त्याच्या बोटांना कळलं. हे असे का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. शंखांच्या कडांवरचे जुने, भरून आलेले तडे बोटांनी चाचपत त्यांनी दाखवून दिलं की खेकड्यांच्या नांग्या आणि शंखांची कवचं यांच्यात कोट्यवधी वर्षं चढाओढ चालू आहे: नांग्या बळकट होत गेल्या तशी कवचं जाड, काटेरी आणि अरुंद तोंडाची होत गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ते प्राध्यापक झाले. त्या शिक्षिकेने खिडकीत शंख ठेवले नसते तर काय, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

अभ्यासाचं म्हणशील तर जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतंच, पण सांख्यिकीची भीती आताच घालव. खडकावर चौकट टाकून आतले प्राणी मोजणं कोणालाही येतं. त्या मोजणीवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे कळणं म्हणजे शास्त्र. चित्र काढायची सवय ठेव, चांगलं येत नसलं तरी. काढताना डोळ्यांना जे दिसतं ते फोटो घेताना सुटतं.

संशोधक की शिक्षक हे आज ठरवू नकोस. शिकवण्याच्या नोकरीत उत्तरपत्रिका, हजेरी, प्रयोगशाळेतल्या साहित्याच्या याद्या यांतच बराच वेळ जातो, हे सांगायला हवं. किनाऱ्यावरचे दिवस त्या मानाने थोडे. पण एखाद्याला पहिल्यांदा काहीतरी दिसतं तेव्हा आपण शेजारी असतो. मला ते संशोधनाइतकंच मोलाचं वाटलं, म्हणून मी इथे राहिले.

मीठपाणी

मी सार्वजनिक मत्स्यालयात काम करतो. ताईंनी बिनचेहऱ्याच्या प्राण्यांबद्दल लिहिलंय, मी वळून बघणाऱ्याबद्दल लिहितो. ऑक्टोपस.

त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश आठ बाहूंमध्ये. हृदयं तीन. रक्त निळसर, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात लोहाऐवजी तांबं. हे सगळं पाटीवर लिहिलेलं असतं आणि लोक वाचतात. पण टाकीशी रोज काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे तो माणसं ओळखतो. सारखा गणवेश घातलेल्या दोन माणसांपैकी एकाने नेहमी खाऊ घातलं आणि दुसऱ्याने नेहमी टोचलं तर काही दिवसांत तो दोघांशी वेगळं वागायला लागतो. सिॲटल मत्स्यालयात हा प्रयोग रीतसर करून प्रसिद्ध झालेला आहे. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय मत्स्यालयातला इंकी २०१६ मध्ये टाकीच्या किंचित उघड्या राहिलेल्या झाकणातून निघून, जमिनीवरून सरपटत, सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात गेला, ही बातमी तुम्ही वाचली असेल.

पण त्याच्यावर जीव लावणं सोपं नाही. बहुतेक जाती एखाद-दोन वर्षंच जगतात. मादी अंडी घालते, ती उबवताना खाणं सोडते, अंड्यांवर सतत पाणी फुंकत राहते आणि पिल्लं बाहेर आली की मरते. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी दाखवलं की डोळ्यांजवळची एक ग्रंथी काढून टाकली तर मादी अंडी सोडून पुन्हा खायला लागते आणि बरेच दिवस जगते. म्हणजे तिचं मरण शरीरातच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे दरीत सुमारे १४०० मीटर खोलीवर संशोधकांना एक मादी अंड्यांवर बसलेली दिसली. ते यंत्रपाणबुडी घेऊन परत परत तिथे जात राहिले आणि ती ५३ महिने त्याच जागी होती. चार वर्षं आणि पाच महिने! प्राणिजगतात अंडी सांभाळण्याचा याहून मोठा कालावधी माहीत नाही. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

नव्याने कामाला लागलेली मुलं पहिला ऑक्टोपस गेल्यावर रडतात. मी त्यांना थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी तपासायला मात्र वेळेवर या, एवढं सांगतो. अमोनिया, नायट्राइट, क्षारता, तापमान, सगळं नोंदवहीत रोज उतरायला हवं. आमच्या कामात माया दाखवायची ती नोंदवहीतच.

तळटीप

धागा मन लावून वाचतोय. एक गोष्ट खटकते ती विचारतो, राग नसावा. तुम्ही सगळे प्राण्यांवर प्रेम आहे म्हणता, आणि याच विषयात प्राणी मारून, चिरून, फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवले जातात. हे दोन्ही एका माणसाला कसं जमतं? मी जीवशास्त्र सोडलं ते याच कारणाने.

ओहोटीवेळ

तळटीप, राग कसला? हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याच्या हाती मी प्रयोगशाळेची किल्ली देणार नाही.

आधी शास्त्राला काय कळलंय ते. माशांना वेदना होतात का, यावर बराच काळ नुसते वाद होते. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारी चेताग्रं दाखवली आणि इजा झाल्यावर त्याचं वागणं बदलतं, वेदनाशामक दिलं की पूर्ववत होऊ लागतं, हेही दाखवलं. शंखात राहणाऱ्या खेकड्यांवर रॉबर्ट एलवुड यांनी केलेलं काम मला त्याहून जास्त हलवून गेलं. शंखात सौम्य विजेचा धक्का दिला तर खेकडा शंख सोडून बाहेर येतो. पण शंख त्याच्या आवडीचा असेल तर सहसा सोडत नाही आणि पाण्याला शिकाऱ्याचा वास असेल तरीही आत टिकून राहतो. म्हणजे ही केवळ झटक्यासरशी होणारी हालचाल नाही. तो काहीतरी तोलून बघतो आहे. अशा पुराव्यांचा आढावा घेऊन ब्रिटनने २०२२ च्या प्राणी संवेदनशीलता कायद्यात खेकडे, शेवंडं, कोळंबी आणि ऑक्टोपस-माकूळ (स्क्विड) यांचा समावेश केला. युरोपीय संघाने ऑक्टोपस-माकूळ वर्गाला प्रयोगांविषयीच्या २०१० च्या नियमावलीतच संरक्षण दिलं होतं.

आता माझं. मी विच्छेदन पूर्णपणे बंद केलेलं नाही. माकूळ उघडून तिचे कल्ले, तिची तीन हृदयं, शाईची पिशवी बघितल्यावर मुलांच्या बोलण्यात जो आदर येतो तो आकृतीने येत नाही. पण वर्गासाठी म्हणून एकही प्राणी मारायचा नाही. मासळी म्हणून आधीच पकडली गेलेली माकूळ किंवा किनाऱ्यावर मेलेली मिळालेली जीवजातच उघडायची, एका टेबलावर एक, आणि ज्याला नको असेल त्याने लांब राहिलं तर गुण कापायचे नाहीत. संशोधनात कधी जिवंत प्राण्यावर काही करणं अटळ असेल तर भूल द्यायलाच हवी. माशांना ट्रायकेन देतात, बऱ्याच अपृष्ठवंशीयांना समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड चालतं. ती देणं आणि तिचा परिणाम झालाय याची खात्री करणं, हे आम्ही चिरण्याआधी शिकवतो. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं आजही सगळीकडे मानली जातात: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, लागतील तितकेच कमीत कमी वापरा, आणि जे वापराल त्यांचा त्रास कमी करा.

आणखी एक. मेलेला नमुना बऱ्याच प्रश्नांची उत्तरं देऊच शकत नाही. आर्गोनॉट हा ऑक्टोपसचा नातेवाईक कागदासारख्या पातळ शंखात राहतो. तो शंख त्याचा स्वतःचा की दुसऱ्याकडून बळकावलेला, यावर विद्वान वर्षानुवर्षं भांडत होते, बाटलीतले नमुने समोर ठेवून. झान विल्प्रो-पॉवर ही बाई मूळची शिवणकाम करणारी, शास्त्राचं औपचारिक शिक्षण नाही. तिने १८३२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे काचेच्या टाक्या बनवल्या, त्यांत आर्गोनॉट जिवंत ठेवले, पिल्लांना शंख बांधताना पाहिलं आणि तुटलेला भाग मादी स्वतः दुरुस्त करते हेही पाहिलं. वाद मिटला. प्राण्यांच्या निरीक्षणासाठीची काचेची टाकी ही तिची देणगी मानतात. जिवंत बघायची इच्छा होती म्हणून शास्त्र पुढे गेलं, याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही.

तुम्ही विषय सोडलात याचं वाईट वाटतं. तुमच्यासारखी माणसं आत हवीत.

तळटीप

मनापासून उत्तर दिलंत, आभार. एलवुड यांचे प्रयोग माहीत नव्हते, शोधून वाचतो. "गुण कापायचे नाहीत" हे आमच्या वेळी कोणी म्हटलं असतं तर कदाचित मी टिकलो असतो.

शंखवेडा

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि समुद्रापासून फार लांब. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेलाच नसतो. त्यांना शिकवताना मला युजेनी क्लार्क यांची गोष्ट उपयोगी पडते. १९२२ चा जन्म. आई नोकरी करायची, शनिवारी ती कामावर असताना लहानगी युजेनी न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्कमधल्या मत्स्यालयात तासन् तास काचेला नाक लावून उभी असायची. समुद्र तिने आधी काचेतूनच पाहिला! मोठी झाल्यावर तिने फ्लोरिडात १९५५ साली प्रयोगशाळा सुरू केली. शार्क म्हणजे मठ्ठ, फक्त चावणारा जीव असा समज तेव्हा सार्वत्रिक होता. क्लार्क बाईंनी लेमन शार्कना पाण्यातल्या फळीला नाकाने ढोसलं की घंटा वाजते आणि खाणं मिळतं, हे शिकवून दाखवलं. मध्ये दोन-अडीच महिने सराव बंद ठेवला तरी शार्क विसरले नाहीत. १९६८ पासून मेरीलँड विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या पाण्यात उतरत होत्या. २०१५ मध्ये गेल्या.

मुलांना मी सांगतो, घंटा वाजवणारा शार्क डोळ्यांसमोर आणा. मग शार्कबद्दलचं बोलणंच बदलतं.

ताई, समुद्राशिवाय सागरी जीवशास्त्र शिकवायचं तर आणखी काय करता येईल?

ओहोटीवेळ

शंखवेडा सर, तुम्ही करताय ते उत्तमच. भर म्हणून दोन गोष्टी. मीठ घातलेल्या पाण्यात अंड्यांपासून आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या तळ्यांतल्या बारीक कोळंब्या, वर्गात वाढवता येतात. सुकी अंडी वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि खाऱ्या पाण्यात पडली की एक-दोन दिवसांत फुटतात. भिंगाखाली त्यांचे पाय हलताना दिसले की मुलं जागची हलत नाहीत. दुसरं, खोल समुद्रातल्या यंत्रपाणबुड्यांचं थेट चित्रण काही संशोधन संस्था सर्वांसाठी खुलं ठेवतात. तज्ज्ञ समोरच्या प्राण्याला ओळखताना आपसात वाद घालतात, तो वाद मुलांना जरूर ऐकवा.

दुर्बीण

माझी मुलगी अकरा वर्षांची. प्रवाळ, मासे, कासवं यांचं प्रचंड वेड. पण अलीकडे प्रवाळांच्या मरणाबद्दल काही बघितलं की रात्री झोपत नाही. "मी मोठी होईपर्यंत काही उरणारच नाही" म्हणते. तुम्ही वर्गात हे कसं हाताळता? खोटं सांगायचं नाहीये, पण हे वेड विझूही द्यायचं नाहीये.

ओहोटीवेळ

खोटं सांगू नका, मुलांना कळतं. पाण्याचं तापमान वाढलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उष्णता टिकली तर उपासमारीने मरतो. २०२३ मध्ये सुरू झालेली विरंजनाची लाट जगभरातली चौथी आणि आजवरची सर्वांत मोठी. जगातल्या प्रवाळक्षेत्रापैकी सुमारे ८४ टक्के भागाला त्या उष्णतेची झळ बसली. हे आकडे मी वर्गात जसेच्या तसे देते.

पण क्रम बदलते. मी आधी कितीतरी तास जिवंत प्रवाळाला देते. तो एकाच वेळी प्राणी आहे, शैवालाचं घर आहे आणि दगड घडवणारा आहे. ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, अनेक जातींचे प्रवाळ जवळजवळ एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. हे शास्त्राला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच समजलं, म्हणजे अगदी अलीकडे. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मरत नाही, पाणी वेळेत थंड झालं तर सावरू शकतो. हे सगळं माहीत असलेल्या मुलीला दुःख होईलच, पण ती बातमी वाचून हातपाय गाळणार नाही असं मला वाटतं, कारण तिला पुढचे प्रश्न पडतील: कोणती जात टिकली? का टिकली?

आणि तिला कुबड असलेल्या देवमाशाची, हंपबॅकची गोष्ट सांगा. शिकारीने तो जवळपास संपवला होता. १९७१ मध्ये रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे यांनी त्याच्या आवाजात रचना आहे, पुनरावृत्ती आहे, ते गाणं आहे असं प्रसिद्ध केलं. ती ध्वनिमुद्रणं सामान्य लोकांनी ऐकली आणि लोकांचं मन पालटायला त्यांचा मोठा हात होता. व्यापारी शिकारीवरची बंदी १९८२ मध्ये ठरली, १९८६ पासून लागू झाली. दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागातला त्याचा समूह ४५० पर्यंत घसरला होता, तो २०१९ च्या अंदाजानुसार २५,००० च्या आसपास पोहोचला. माणसांनी ठरवल्यावर हे झालं. प्रवाळाचा प्रश्न याहून फार अवघड आहे, हेही तिला सांगायला हवं, अकरा वर्षांच्या मुलीला ते झेपतं.

खवल्याखवल्यांनी

दुर्बीण, तुमच्या लेकीला माझ्या कामाबद्दलही सांगा. मी मत्स्यसाठ्यांच्या सर्वेक्षणात आहे. माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक मासा मेलेला असतो. त्याच्या कानातला छोटासा दगड, ओटोलिथ, मी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वर्षागणिक वर्तुळं असतात, ती मोजून वय कळतं. ऑरेंज रफी नावाचा खोल पाण्यातला मासा शंभरीच्या पुढे जगतो, हे अशाच मोजणीतून पुढे आलं. तीसेक वर्षांचा होईपर्यंत तो अंडीही घालत नाही. हे कळायच्या आत त्याची बेसुमार मासेमारी झाली आणि साठे कोसळले. ग्रीनलंड शार्कच्या डोळ्यातल्या भिंगावरून २०१६ मध्ये जे वय काढलं गेलं ते सर्वांत मोठ्या मादीचं चारशेच्या घरात जातं, पण त्या अंदाजात एक-सव्वाशे वर्षं कमीजास्त होऊ शकतात.

मला लोक विचारतात, प्राण्यांची आवड असून हे रुक्ष काम का? मला ते रुक्ष वाटत नाही. एका दगडावरून त्या जीवाचं चांगलं वर्ष कुठलं, उपासाचं कुठलं हे दिसतं. आणि माझ्या मोजणीवर पुढच्या हंगामात किती पकडायचं ते ठरतं. एक वर्तुळ चुकलं तर समुद्रातल्या हजारो माशांचा हिशेब चुकतो, म्हणून मी प्रत्येक दगड दोनदा बघते.

मला हे ओहोटीच्या डबक्यांशी बसवून शिकवणाऱ्या एका बाई होत्या. दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, असं त्या प्रत्येक वेळी सांगायच्या. तेव्हा कंटाळा यायचा, आता माझ्या हाताखालच्या मुलांना मी तेच सांगते.

ओहोटीवेळ

दगडाचं मी पण प्रत्येक वेळी सांगते! खालच्या बाजूला राहणारे जीव सावलीला आणि ओलाव्याला सरावलेले असतात, वरच्या बाजूचं शेवाळ उजेडाला. उलटा टाकला तर दोन्हीकडचे मरतात.

कुतूहल

सगळं दोनदा वाचलं. पोहण्याच्या वर्गात नाव घातलंय. ताई, शेवटचा प्रश्न. सराव म्हणून शंखातला खेकडा घरी पाळला तर चालेल का? विकत मिळतात.

ओहोटीवेळ

नको घेऊस. विक्रीला येणारे जवळजवळ सगळे निसर्गातून उचललेले असतात. बंदिस्त जागेत त्यांची पैदास फार अवघड असते, कारण अळ्या समुद्रात वाढतात. रानात ते अनेक वर्षं जगतात आणि घोळक्याने राहतात. घरच्या पेटीत बहुतेक त्यामानाने लवकर मरतात. शिवाय रंगवलेल्या शंखांचा रंग त्यांना अपाय करू शकतो.

त्याऐवजी किनाऱ्यावर जायला मिळेल तेव्हा एका जागी बस आणि त्यांचं घर बदलणं बघायचा प्रयत्न कर. मोठा रिकामा शंख सापडला की कधी कधी लहानमोठे खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात. सर्वांत मोठ्याने नव्या शंखात उडी मारली की त्याच्या रिकाम्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा, असं काही क्षणांत सगळ्यांचं घर बदलतं. म्हणून किनाऱ्यावरचे रिकामे शंख गोळा करून नेऊ नकोस, तिथे त्यांची टंचाई असते.

जाताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघ, ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी पोहोच आणि पाणी फिरलं की बाहेर पड. एकटी जाऊ नकोस, लाटांकडे पाठ करू नकोस. प्राण्याला हात लावायचा झाला तर आधी हात समुद्राच्या पाण्याने ओले कर आणि हाताला क्रीम वगैरे नको. पाय शेवाळावर नको, उघड्या खडकावर ठेव. वहीत तारीख, वेळ, जागा आणि काय दिसलं ते लिही. नाव माहीत नसेल तर चित्र काढ आणि इथे टाक, आपण मिळून ओळखू.